पडल्यावर कळवायचं कुणाला

ताई कवळ्या करत. दातांच्या डॉक्टरांकडून रोज सकाळी एका खोक्यात लोकांच्या जबड्यांचे साचे येत. प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली असे आणि चिठ्ठीवर नाव नाही, नुसता नंबर. साच्यात प्लॅस्टर ओतायचं, सुकलं की त्यावर मेण बसवायचं, मेणात एकेक दात रोवायचा आणि मग वरचा जबडा खालच्यावर नीट बसतो का ते बघायचं. हे काम त्या एकतीस वर्षं करत होत्या. एवढ्या वर्षांत शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या तोंडात त्यांच्या हातचे दात गेले असतील, पण त्यातलं एकही माणूस त्यांना ओळखत नव्हतं. त्याही कुणाला ओळखत नव्हत्या. दुकानाच्या रांगेत पुढचा माणूस हसला की त्यांची नजर आधी त्याच्या सुळ्यांकडे जाई. हे आपलं काम दिसतंय, असं मनातल्या मनात म्हणून त्या पुढे सरकत.

लग्न केलं नाही. करायचं नव्हतं असं नाही, राहून गेलं. वडील लवकर गेले, धाकट्या भावाचं शिक्षण झालं, तो नोकरीसाठी लांब गेला, आणि आईला सोडून ताईंना कुठे जाता आलं नाही. शेवटची सहा वर्षं आई अंथरुणाला खिळून होती. तेव्हा ताईंचं जग म्हणजे लॅब, औषधांचं दुकान आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आई गेल्यावर महिनाभराने त्यांनी पलंग देऊन टाकला आणि त्या जागी सायकल आणून उभी केली. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. शेजारीण म्हणाली, "चालवायला येते का?" ताई म्हणाल्या, "शाळेत असताना यायची. बघू, विसरले नसेन."

विसरल्या नव्हत्या. आठवडाभर त्या सायकलने लॅबला जात, आणि रविवारी पहाटे कालव्याकाठच्या रस्त्याने पंपघरापर्यंत. जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर. त्या रस्त्याला वाहनं नसत. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गवत आणि अधूनमधून एखादी कुलूप लावलेली शेड. कुणाशी बोलावं लागत नसे. पहिलं वर्षभर ताईंना त्याचंच सुख वाटे.

थंडी सरत आली होती तेव्हा एका रविवारी परत येताना त्या पडल्या. लहान पुलाच्या वळणावर कुणीतरी खडी सांडून ठेवली होती, पुढचं चाक सरकलं आणि त्या डाव्या खांद्यावर आपटल्या. हॅंडलच्या पिशवीतला फोन उडून गवतात गेला. उठायला गेल्या तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. म्हणून तशाच पडून राहिल्या. किती वेळ, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. वीस मिनिटं असतील, पंचवीस असतील. मुंग्या हातावर चढल्या, उतरल्या. लांबवर पंपाची घरघर चालू होती. त्या रस्त्यावर सहसा कुणी येत नाही याचं जे सुख होतं, त्याचीच आता भीती वाटायला लागली. शेवटी त्या कशाबशा बसल्या, फोन शोधला, आणि कुणाला फोन करावा याचा विचार करत बसल्या. मग फोन पिशवीत ठेवला आणि एका हाताने सायकल ढकलत सात किलोमीटर चालत घरी आल्या.

खांद्यालगतचं हासळीचं हाड तडकलं होतं. डॉक्टरांनी हात गळ्यात अडकवला. लॅबच्या मालकांनी तीन आठवड्यांची सुट्टी देऊ केली, पण घरी बसून करायचं काय, म्हणून ताई चौथ्या दिवशी कामावर हजर झाल्या आणि उजव्या हाताने होईल तेवढं करू लागल्या.

भावाला कळलं ते पंधरा दिवसांनी, आणि तेही ताईंच्या तोंडून निसटलं म्हणून.

"एका हाताने कपडे वाळत घालते आहे, थांब जरा," त्या फोनवर म्हणाल्या.

"एका हाताने का?"

मग सगळं सांगावं लागलं. तो चिडला. "ताई, तू तिथे पडून राहिली असतीस आणि आम्हाला पत्ता लागला नसता."

"लागला असता. लॅबमधून कुणीतरी आलं असतं."

"कधी? सोमवारी?"

भाऊ म्हणाला, हल्ली घड्याळं मिळतात, माणूस पडलं की त्यांना कळतं, ती आपणहून फोन लावतात. सायकल किती चालवली, हृदयाचे ठोके किती, सगळं दाखवतात. "घेऊनच टाक. हवं तर मी पाठवतो."

"पाठवू नकोस. मी बघून घेते," ताई म्हणाल्या. मोठ्या बहिणीला धाकट्याकडून काही घेणं जड जातं, त्यातला तो प्रकार.

ताईंचा स्वभाव असा की मेणाची सुरी घ्यायची तरी चार दुकानं फिरतील. त्यांनी वहीत लिहून काढलं, आपल्याला घड्याळ कशासाठी हवं. अंतर कळायला. उन्हात आकडे दिसायला हवेत. रोज रोज चार्जिंगची कटकट नको. आणि पडल्यावर कळवायला. हात बरा झाल्यावर एका शनिवारी ती वही घेऊन त्या मोठ्या दुकानात गेल्या.

काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने तीन प्रकार काढून दाखवले. एक स्वस्तातलं, चालण्याची पावलं आणि ठोके मोजणारं. एक मधलं, त्याला अंतर आणि रस्ता कळे, पण फोन जवळ असेल तरच फोन लावता येई. आणि एक महागडं, त्याला स्वतःचं सिमकार्ड, फोन गवतात उडाला तरी चालेल असं.

"मग मला हेच लागेल," ताई म्हणाल्या. "माझा फोन गवतातच उडतो."

मुलगी हसली. वरचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले, पण छान दिसत होते. तिने दाखवण्यापुरतं घड्याळ चालू केलं. "पडलात की हे मनगटावर थरथरतं आणि विचारतं, बऱ्या आहात का. तुम्ही अर्ध्या मिनिटात काही दाबलं नाही, तर आपल्या माणसाला फोन जातो. कुणाचा नंबर टाकू? नुसतं करून दाखवते."

ताईंनी भावाचा नंबर सांगितला.

"हे इथेच राहतात?"

"नाही. रात्रभराचा प्रवास आहे."

"मग जवळचं कुणीतरी सांगा ना. लगेच पोचेल असं."

ताई विचार करू लागल्या. शेजारीण वर्षापूर्वी मुलाकडे राहायला गेली होती, तिच्या जागी आलेल्या जोडप्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं. लॅबमधले दोघे कारागीर काचेपलीकडे बसत, त्यांच्याशी बोलणं व्हायचं ते प्लॅस्टरच्या पोत्यांवरून. शाळेतली एक मैत्रीण होती, तिला शेवटचं कधी भेटलो ते आठवेना. मुलगी बोट घड्याळावर ठेवून वाट बघत होती. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली.

"घरी जाऊन बघते," ताई म्हणाल्या आणि वही पिशवीत टाकून बाहेर पडल्या.

कालव्याच्या रस्त्यावर दर रविवारी एकच माणूस भेटे. सत्तरीचे गृहस्थ, डोक्यावर पिवळं धमक हेल्मेट, जुनी उंच सायकल. ते समोरून येत तेव्हा ताई पंपघराकडे निघालेल्या असत. दोघं हात वर करत आणि आपापल्या वाटेने जात. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. ताई मनात त्यांना पिवळं हेल्मेट म्हणत.

हात बरा झाल्यावर ताई पहिल्यांदा त्या रस्त्याला लागल्या, तेव्हा पिवळं हेल्मेट समोरून आलं, हात वर केला, आणि पुढे जाऊन थांबलं. मागून हाक आली.

"अहो, बरेच रविवार दिसला नाहीत."

ताई इतक्या दचकल्या की ब्रेक जोरात दाबला गेला. कुणीतरी रविवार मोजले होते.

ते सायकल वळवून बरोबर आले आणि दोघं पंपघरासमोरच्या चहाच्या दुकानात बसले. ते पाणीखात्यात मीटर वाचायचं काम करत. "चाळीस वर्षं लोकांच्या दाराशी गेलो," ते म्हणाले, "आणि आत कुणी बोलावलं नाही. मीटर बाहेरच असतो ना." ताईंना हसू आलं. त्यांनी आपलं काम सांगितलं. त्यावर त्यांनी तोंडातली कवळी जिभेने हलवून दाखवली आणि विचारलं, "ही तुमचीच तर नाही?" ताईंनी निरखून बघितलं. "नाही. मी मागची दाढ इतकी आत बसवत नाही. चावताना त्रास होतो ना?" "होतो की," ते खूश होऊन म्हणाले, जणू इतक्या दिवसांनी कुणीतरी त्यांचं दुखणं ओळखलं होतं.

मग पडण्याचा विषय निघाला, आणि घड्याळाचा. त्यांनी खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. अगदी तेच महागडं, सिमकार्डवालं.

"मुलीनं दिलंय. ती लांब असते. माझी आई, म्हणजे तिची आजी, घरात पडून गेली, तेव्हापासून तिच्या मनात ती धास्ती आहे."

"मग खिशात का?"

ते जरा घुटमळले. "आधी ती रोज फोन करायची. बाबा जेवलात का, झोप लागली का. आता झोप तिला तिकडेच दिसते. पावलं दिसतात. ठोके दिसतात. मग विचारणार काय? फोन कमी झाले. तिची चूक नाही, तिला कामं आहेत." त्यांनी कपातला चहा ढवळला, साखर कधीच विरघळली होती तरी. "म्हणून रविवारी सकाळी काढून ठेवतो. सुट्टी असते, ती बघते, ठोके दिसत नाहीत, आणि दुपारपर्यंत फोन येतो."

ताईंनी घड्याळ उचलून उलटंपालटं करून बघितलं.

"तुम्ही एक आठवडा वापरून बघा," ते म्हणाले. "विकत घ्यायच्या आधी कळेल तरी."

"आणि मुलगी?"

"करेल फोन. बरंच आहे."

ताईंनी घरी त्यावरून आपल्याच फोनवर एकदा फोन लावून बघितला आणि ते आठवडाभर वापरलं. सोमवारी लॅबमध्ये गेल्या गेल्या लक्षात आलं की कामावर ते काही उपयोगाचं नाही. हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, समोर मेण वितळवायची ज्योत, मनगटावर काही ठेवायची सोयच नाही. मालक म्हणाले, "साच्यात पडलं तर मला घड्याळाचीच कवळी करायला लावाल." ताईंनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. तासाभराने ड्रॉवर थरथरला. उघडून बघितलं तर लिहिलं होतं, बराच वेळ बसून आहात, उठून थोडं चाला. ताईंनी ड्रॉवर बंद केला.

पण सायकलवर ते घड्याळ खरंच कामाचं निघालं. उन्हातही आकडे स्वच्छ दिसत. लॅबचा रस्ता पाच किलोमीटर आहे असं त्या समजत, तो पावणेसहा निघाला. चढावर आपला श्वास का फुलतो तेही कळलं, त्या चढ सुरू व्हायच्या आधीच घाई करत होत्या. जरा सावकाश सुरुवात केली की वर पोचेपर्यंत दम टिके. घरी मात्र त्यांना ते विचित्र वाटे. सकाळी उठल्यावर घड्याळ सांगे की झोप चांगली झाली. आई गेल्यापासून हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि आता न विचारताच कुणीतरी सांगत होतं.

बुधवारी संध्याकाळी लॅबमधून परत येताना सिग्नलला थांबल्या होत्या, तेवढ्यात मनगट थरथरलं आणि वाजू लागलं. घाबरून त्यांनी दिसेल ते बटण दाबलं. मनगटातून आवाज आला.

"बाबा? बाबा, कुठे आहात तुम्ही? तीन दिवस झाले, कुणाकडे राहताय?"

ताई सायकल घेऊन फूटपाथवर चढल्या. मनगट तोंडाजवळ धरून म्हणाल्या, "मी बाबा नाही."

"मग कोण?"

ताईंनी सांगितलं. रविवारची सायकल, पडणं, घड्याळ वापरून बघायला दिलंय ते. पलीकडची बाई ऐकत होती.

"म्हणजे हे ठोके तुमचे?"

"हो."

"मला वाटलं बाबांची तब्येत सुधारली." ती कसनुसं हसली. "मी या आठवड्यात बघितलंच नव्हतं हो. कामात होते. आत्ता उघडलं, तर बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला झोपतात, आणि दिवसा आठ-आठ तास ठोकेच नाहीत. त्यांच्या फोनवर लावला, ते उचलत नाहीत. बरे आहेत ना ते?"

"रविवारी बरे होते. फोन कुठेतरी ठेवून विसरले असतील. पुन्हा लावा." मग ताईंना राहवेना. "ठोके काय, घड्याळ सांगेल. बाकीचं त्यांनाच विचारत जा."

हे बोलून गेल्यावर आपण परक्या बाईला काय सांगून बसलो, असं वाटून ताईंचे कान गरम झाले. पण ती म्हणाली, "हो," आणि जरा थांबून, "थॅंक यू."

रविवारी पंपघराशी ताईंनी घड्याळ परत केलं. पिवळ्या हेल्मेटवाल्यांचा चेहरा उजळला होता. मुलगी शुक्रवारीच येऊन थडकली होती. घरात बसून तिने सगळं बघितलं, बाबांचा रिकामा फ्रीज, नळाजवळ ठेवलेला फोन, चावताना होणारा त्रास. आणि ठरवून टाकलं होतं की बाबांनी आता तिच्याकडेच राहायचं.

"पुढच्या आठवड्यात निघतोय," ते म्हणाले. "तुमच्यामुळे झालं बघा हे."

"छान झालं," ताई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मुलीने तीन दिवस काहीच बघितलं नव्हतं, हे बाबांना सांगायची गरज नव्हती. ताईंनी ते पोटातच ठेवलं.

त्यानंतरच्या रविवारी रस्ता रिकामा होता. लहान पुलापाशी ताईंचा हात सवयीने हॅंडलवरून जरा उचलला गेला आणि परत खाली आला. दोन वर्षांत आपण त्या माणसाशी फक्त दोनदा बोललो, त्यांचं नावही विचारलं नाही, तरी इतकं का जाणवावं, हे त्यांना कळेना. येताना त्या पुलापाशी उतरल्या आणि तेवढा भाग चालत ओलांडला.

घड्याळाच्या ऐवजी माणूस बघावा, असं त्यांनी मग ठरवलं. लॅबच्या मालकांना भीत भीत विचारलं, रविवारी घरी परत आले की मी तुम्हाला मेसेज टाकेन, दहापर्यंत आला नाही तर एक फोन कराल का? मालक भला माणूस. "अहो, त्यात काय," म्हणाले. पहिल्या रविवारी ताईंनी साडेनऊला मेसेज टाकला, घरी पोचले. मालकांनी तो संध्याकाळी सहाला बघितला आणि अंगठा पाठवला. दुसऱ्या रविवारी ताई मुद्दाम नाही, खरोखरच, मेसेज टाकायचं विसरून गेल्या. दहा वाजले, अकरा वाजले. दुपारी आठवलं तेव्हा फोन बघितला. काही नव्हतं. सोमवारी मालकांनी नेहमीसारखं हसून साच्यांचं खोकं पुढे सरकवलं. ताईंना राग आला नाही. रविवारी माणसाने आपल्या बायकामुलांत बसू नये तर काय लॅबमधल्या बाईचा मेसेज बघत बसावं?

पुढच्या शनिवारी त्या दुकानात गेल्या. तीच मुलगी होती. ताईंनी ते सिमकार्डवालं घड्याळ मागितलं. नंबर एकच दिला, भावाचा.

"लांब असतात ना हे?" मुलीला आठवत होतं.

"असू दे. त्याला कळलं की तो इथल्या कुणाला तरी हलवेल. लांबून का होईना, तो फोन उचलतो."

मुलीने विचारलं, ठोके, झोप, रस्ता हेही भावाला दिसू द्यायचं का, एक बटण दाबलं की झालं. ताई ठामपणे नाही म्हणाल्या. पडले तर तेवढं कळू दे. बाकी त्याने विचारावं आणि मी सांगावं.

आता ताई ते घड्याळ सायकलवर घालतात, लॅबमध्ये पोचल्या की काढून ड्रॉवरमध्ये ठेवतात, घरी आल्यावर उशाशी न ठेवता स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतात. कालव्यावरून आता त्या पंपघराच्याही पुढे, धरणाच्या दारांपर्यंत जातात. खड्ड्यातून चाक जोरात गेलं तेव्हा एकदा त्याने थरथरून विचारलं, बऱ्या आहात का? ताईंनी थांबून, नीट वाचून, हो दाबलं.

दोन महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पिवळं हेल्मेट. मुलीने घड्याळातून नंबर शोधून दिला म्हणे. तिथे सायकल चालवायला जागा नाही, मुलगी आठला कामावर जाते, ती थेट संध्याकाळी सातला येते, मधे ते सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारतात. कवळीची दाढ मुलीने नीट करून घेतली. सुख आहे, म्हणाले, आणि दोनदा म्हणाले.

"घेतलंत का मग घड्याळ?"

"घेतलं."

"काय म्हणता? घ्यावं का माणसानं?"

ताईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "सायकल चालवत असाल तर घ्यावं. रोजच्यासाठी म्हणाल तर माझ्या कामात त्याचा उपयोग नाही. आणि एकटं वाटतंय म्हणून घेऊ नये. त्याला ते जमत नाही."

पलीकडे ते बराच वेळ हसले. मग कालव्याला पाणी किती आहे ते विचारलं, पुलाजवळची खडी उचलली का ते विचारलं. ताईंनी सगळं सविस्तर सांगितलं. ठेवताना ते म्हणाले, "पुढच्या रविवारी करतो फोन."

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला नाही. ताईंनी त्याच्यानंतरच्या रविवारीही दुपारपर्यंत वाट बघितली, मग कणीक मळायला घेतली. हात पिठात असताना फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, पिवळं हेल्मेट.